कायमचा पत्ता, शंकरसिंग तांडा

अर्जात 'कायमचा पत्ता' असा एक रकाना होता, आणि किसनसिंगानं घोळ घातला तो तिथंच. तसा तो घोळ घालणारा माणूस नव्हता. लढाईच्या काळात त्यानं ब्रह्मदेशातल्या चिखलातून लष्कराचे ट्रक बाहेर काढले होते. परत आल्यावर लिलावातल्या मोडक्या जीपगाड्या आणायच्या, उघडायच्या, जोडायच्या आणि नेर-दारव्ह्याकडच्या शेतकऱ्यांना विकायच्या, हा धंदा त्यानं एकट्याच्या जिवावर उभा केला. इंजिनाच्या पोटात डोळे मिटून हात घालील, पण कागद समोर आला की या गड्याची बोबडी वळायची.

१९५८ साली गाड्या विकायच्या परवान्यासाठी त्यानं पहिला अर्ज केला, तेव्हा पत्ता लिहिला 'धरमसिंग तांडा'. तो अर्ज ऑफिसात धूळ खात पडला. १९६१ च्या उन्हाळ्यात दुसरा केला, तेव्हा लिहिलं 'शंकरसिंग तांडा'. दोन्ही खरं होतं. बंजाऱ्यांच्या तांड्याला त्याच्या नाईकाचं नाव असतं. धरमसिंग नाईक होता तोवर तो धरमसिंग तांडा. तो वारला, शंकरसिंगाला पगडी बांधली, त्या दिवसापासून शंकरसिंग तांडा. साठ घरं, विहीर, कडुनिंब, नेरहून यवतमाळला जाणारा रस्ता, सगळं जागच्या जागी होतं. नाव तेवढं बदललं होतं, आणि ते बदलणारच, कारण नाईक काही अमरपट्टा घेऊन येत नाही.

ऑफिसातल्या शहाण्यांना हे कोण सांगणार? त्यांनी दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि उत्तर धाडलं. किसनसिंगानं ते जीपच्या बॉनेटवर ठेवून बायकोला वाचून दाखवलं. अर्जदार तीन वर्षांत एका तांड्यावरून दुसऱ्या तांड्यावर गेलेला दिसतो, सबब जागा कायमची असल्याची खात्री व्हावी. कुलूप लागणारी ऑफिसची खोली असावी, नाव-पत्त्याची पाटी असावी, गाड्या रस्त्यावर उभ्या नसाव्यात, आणि त्या ठेवण्याच्या जागेला चारी बाजूंनी पाच फूट उंचीचं भरीव कुंपण असावं. सत्तावीस मे रोजी पाहणी होईल. त्यात जागा उतरली नाही तर एक जूनपासून गाडी विकणं गुन्हा समजला जाईल.

"गेलेला दिसतो?" रुपीबाई उसळलीच. "कुठं गेलतो आपण? मी या तांड्यावर लग्न होऊन आली त्याले बावीस वर्सं झाले. विहिरीचा दगड झिजला माह्या दोरानं!"

"मी कुठं नाई म्हून राह्यलो," किसनसिंग पुटपुटला.

"तुमी काईच म्हणत नाई, हेच तं रडणं हाय!"

रुपीबाईच्या तोंडाला तांडा वचकून असे, आणि खोटं कशाला बोला, तिचा नवराही वचकून असे. पण या घरात बोलणारं तोंड ते एकच होतं. किसनसिंग धरमसिंगाचा मुलगा. रीतीप्रमाणं नाईकी त्याच्याकडं यायची. पण पंचांनी विचार केला की जो माणूस दिवसभर गाडीखाली उताणा पडलेला असतो आणि चार माणसांत दोन शब्द बोलत नाही, तो तांड्याचे तंटे काय तोडणार? त्यांनी शंकरसिंगाला पगडी दिली. किसनसिंगाला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायचं सगळं काम रुपीबाईनं केलं, आणि दोन वर्षं मनापासून केलं.

शंकरसिंग पंचाहत्तरीचा, काटक, कुजक्या तोंडाचा म्हातारा. "बैल विकले अन् दारात लोखंड बांधलं," असं तो जीपगाड्यांकडं बघून म्हणायचा. सुनांनी अशा वडीलधाऱ्यापुढं पदर तोंडावर ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हा तांड्याचा रिवाज. रुपीबाईच्या तो पथ्यावरच पडला. दोन वर्षांत नाईकाला जे काही सुनवायचं ते तिनं जीपला सुनावलं, कुत्र्याला सुनावलं, नवऱ्याला सुनावलं, आणि म्हाताऱ्याच्या कानी जाईल अशा बेतानं सुनावलं.

कुंपणासाठी विटा हव्या होत्या. आसपास भट्टी एकच, विठ्ठलरावांची, नेरच्या अलीकडं. विटा पंधरा मेला पोचवतो असा त्यांचा शब्द होता. पंधरा गेली, वीस गेली. तेविसाव्या तारखेला निरोप आला की विटा दुसरीकडं गेल्या, आता पावसाळ्यानंतर बघू. रुपीबाईनं निरोप्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पायांत चपला सरकवल्या आणि पाच मैल उन्हातून चालत नेरच्या भट्टीवर जाऊन उभी राहिली.

भट्टीशेजारी दोन जुन्या जीप नव्या रंगात चकाकत होत्या. त्या पाहिल्या आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या रस्त्याला एकच परवाना देऊ, असं ऑफिसातल्या कुणीतरी तोंडी सांगितलेलं तिनं ऐकलं होतं. विठ्ठलरावही त्याच ताटावर बसायला निघाले होते.

"या, रुपीबाई," विठ्ठलराव खाटेवरून न उठता म्हणाले. "उन्हाचं कायले आल्या?"

"विटा न्यायले आली, भाऊ."

"विटा!" ते हसले. "तुमाले कायले पाह्यजे विटा? तुमचं तं आज इथं, उद्या तिथं. जाताना भिंत पाठीवर घेऊन जाल काय?"

भट्टीवरची माणसं हसली. रुपीबाईच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, कारण तिच्या मुठी वळल्या होत्या.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्या आजानं जलमभर जे मीठ खाल्लं, ते आमच्या बैलाच्या पाठीवरून आलतं. आमचे लोक फिरले नसते, तं तुमचं घराणं अळणी खात बसलं असतं. तुमच्या विटा तुमाले लखलाभ. सत्तावीसले माह्यं कुंपण पाह्याले या, हसायची लई हौस हाय तुमाले."

बोलून तर बसली. परतताना मात्र पाच मैल एकच विचार तिच्या डोक्यात कुऱ्हाडीसारखा पडत होता, की कुंपण आणायचं कुठून? चार दिवस उरलेले. काट्याची वई भरीव म्हणून कोण मान्य करणार? मातीची भिंत इतक्यात उभी राहून वाळणार कशी? परवाना गेला तर किसनसिंगानं करायचं काय? सगळा जन्म लोखंडात घातलेला हा माणूस विठ्ठलरावांकडं पान्हा धरून मजुरी करील, आणि एक शब्द बोलणार नाही. त्या चित्रानं तिला भर रस्त्यात रडू आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून तिनं ते येऊ दिलं, आणि तांडा दिसू लागल्यावर पदरानं तोंड पुसलं.

कडुनिंबाखाली नाईक चिलीम ओढत बसला होता. रुपीबाईनं पदर पुढं ओढला आणि त्याच्यापासून दहा पावलांवर जीपशी झटत असलेल्या नवऱ्याला सगळी हकीकत सांगितली, अर्थात सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. 'आज इथं, उद्या तिथं' हे विठ्ठलरावांचे शब्द तिनं दोनदा सांगितले. किसनसिंग खाली मान घालून ऐकत राहिला. नाईकानं चिलीम झटकली, काठी घेतली आणि उठून गेला. म्हातारा मनातून खूश झाला असणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरसिंग एक रिकामं पोतं खांद्यावर टाकून आला आणि ते त्यानं जीपच्या चाकाशी आपटलं.

"किसन्या," तो म्हणाला, "तुह्या बायकोले एक इचार. लदेणी मुक्कामाले उतरली का तांड्याभोवती भिंत कशाची होत होती, हे तिच्या सासऱ्यानं कधी सांगतलं का नाई?"

लदेणी म्हणजे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गोर लोक, म्हणजे बंजारेच, मुलूखभर हिंडत, तो त्यांचा जुना धंदा. रेल्वे आली आणि तो बसला. शंकरसिंग पोरवयात शेवटच्या लदेणीबरोबर चाललेला.

रुपीबाईनं पदराआडून नवऱ्याला सांगितलं, "म्हणा, सासऱ्यानं सांगतलं होतं. पोत्याची."

"मंग तिले सांग, चोर-लुटारूले, वाघाले जी भिंत अडवे, ती एका इन्स्पेक्टरले अडवत नाई का? गोराची सून अन् विटाची भीक मांगाले गेली! साठ घरात रिकामे पोते नाई का? नाल्यात मुरूम नाई का?"

रुपीबाईला राग यायला हवा होता. पण तिच्या पोटातून एकदम हसू उसळलं, आणि ते पदरात दाबताना तिचे डोळे भरून आले. कुजकं बोलून म्हातारा साठ घरांची पोती देत होता.

त्यानं नुसतं सांगितलं नाही, स्वतः घरोघर फिरला. उन्हाळ्यात कापूस विकून झालेला, ज्वारी संपत आलेली, पोती रिकामीच होती. सुखीबाईनं दहा दिली, लालीबाईनं पंधरा, जमनीनं तर अंथरायचं होतं तेही काढून दिलं. बायांनी नाल्यातला मुरूम भरायचा, पुरुषांनी वाहायचा, आणि हद्दीवर काठी घेऊन उभ्या नाईकाच्या शिव्या सगळ्यांनी खायच्या. तळाला पोतं आडवं, त्यावर उभं, पुन्हा आडवं. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसायचं. पोत्याचं तोंड कायम आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या माणसाला दोरी सापडत नाही. एकानं तोंड बाहेर ठेवलं तर म्हाताऱ्यानं त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि चार थर उतरवून पुन्हा लावायला लावले.

तीन दिवसांत तीन बाजू उभ्या राहिल्या. चौथ्या बाजूला किसनसिंगाच्या दगडी शेडची भिंत होतीच. जुन्या ट्रकचे फाळके जोडून त्यानं फाटक केलं. चारही जीप आत लावल्या. शेडच्या कोपऱ्यातल्या खोलीला कुलूप बसलं. फक्त पाटीवर 'किसनसिंग धरमसिंग, मोटारगाड्यांची विक्री' एवढंच झालं होतं. खालची ओळ त्यानं कोरी ठेवली होती. तिथं पत्ता घालायचा, आणि पत्त्याची त्यानं आता धास्तीच घेतली होती.

सत्तावीस तारखेला सकाळी दहाला इन्स्पेक्टर वामनराव सरकारी जीपमधून उतरले. गोरे, घामेजलेले, खिशाला दोन पेनं. कुंपणाकडं बघून त्यांची मान आधी एका बाजूला झुकली, मग दुसऱ्या.

"हे काय आहे?"

किसनसिंगानं बायकोकडं पाहिलं. रुपीबाई पुढं झाली.

"कुंपण हाय, साहेब."

"बाई, ही पोती आहेत."

"पोते कालपरवापर्यंत होते. आता कुंपण हाय. मापून घ्या."

वामनरावांनी टेप काढला. पाच फूट चार इंच. दुसऱ्या कोपऱ्यावर पाच फूट पाच. जाडी तीन फूट भरली.

"उंची आहे," ते नाराजीनं म्हणाले. "पण हे काही भिंतीत धरता यायचं नाही. विटांचं पाहिजे."

रुपीबाईनं नवऱ्याकडं हात केला. त्यानं खिशातून ऑफिसचं पत्र काढलं. "वाचा," ती म्हणाली, आणि त्या मुखदुर्बळ माणसानं जन्मात पहिल्यांदा सरकारी माणसासमोर खणखणीत वाचलं, "चारी बाजूंनी पाच फूट उंचीचं भरीव कुंपण."

"याच्यात ईट कुठं हाय, साहेब?" रुपीबाईनं विचारलं. "भरीव म्हनलं तुमी. याच्याहून भरीव काय राह्यते? तुमच्या गाडीनं रेटून पाहा."

"काहीतरीच काय!"

"नाई, पाहाच. पडलं तं मी माह्या हातानं अर्ज फाडीन."

आता साठ घरांची माणसं बघत होती, आणि माघार घेतली तर साहेबांची शोभा झाली असती. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. जीप हळूहळू कुंपणाला टेकली. इंजिन गुरगुरलं, मागची चाकं जागच्या जागी फिरून धूळ उडवू लागली, ड्रायव्हरच्या कपाळावर घाम आला. वरच्या थरातून मूठभर मुरूम घरंगळला, बाकी काही नाही. तांड्यातली पोरंबाळं किंचाळली. वामनरावांनी हात वर करून जीप थांबवली, रुमालानं मान पुसली आणि कागदावर कुंपणापुढं बरोबरची खूण केली.

"ठीक. पण खरा प्रश्न पत्त्याचा आहे." त्यांनी बॉनेटवर दोन्ही अर्ज मांडले. "हा धरमसिंग तांडा, हा शंकरसिंग तांडा."

रुपीबाईनं नाईक बदलल्याचं सांगितलं. वामनराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"असं आहे होय. मग सोपं आहे. फाईलमध्ये आधीचं नाव धरमसिंग आहे. मी हे शंकरसिंग खोडतो, धरमसिंग करतो, पाटीवरही तेच लिहा. दोन्ही कागद जुळतील. आत्ता सही करून देतो."

सासऱ्याचं नाव! दोन वर्षं रुपीबाईला जे हवं होतं ते सरकारच्या पेनातून आयतं पुढं आलं होतं. पेनाचं टोक शंकरसिंग या शब्दावर टेकलं. तिनं मागं पाहिलं.

तांड्यात नाईक जिवंत असताना तांड्याला गेलेल्या नाईकाचं नाव लावत नाहीत. तसं लावलं म्हणजे आहे तो मेला असं म्हटल्यासारखं. हे साहेबांना ठाऊक नव्हतं, पण तिथं उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शंकरसिंग काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. तीन दिवसांच्या मुरमानं त्याची पगडी लाल झाली होती.

"करू दे साहेबाले," तो किसनसिंगाला म्हणाला. आवाजात कुजकेपणा नव्हता. "तुह्या बापाचंच नाव हाय. माह्ये किती दिवस राह्यले आता? पोराइचा धंदा महत्त्वाचा."

त्यानं असं म्हटलं नसतं, तर कदाचित रुपीबाई गप्प राहिली असती. पण आता तिला राहवलं नाही. तिनं हात पुढं केला आणि पेनाच्या टोकाखाली आपला तळवा ठेवला.

"खोडू नका, साहेब."

"बाई, तुमच्याच फायद्याचं आहे."

"माहीत हाय मले. पण हा माणूस जिता उभा हाय तुमच्यापुढं. या भिंतीचं पयलं पोतं त्यानं आणलं. तुमच्या एका कागदासाठी मी त्याले मेला म्हणू?"

"मग सही होणार नाही. ऑफिसला एक नाव लागतं. आज हे, उद्या ते, असं कसं चालेल?"

पुन्हा तेच. आज इथं, उद्या तिथं. रुपीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण या वेळी तिचा आवाज चढला नाही.

"नाव काहून पाहून राह्यले, साहेब? जागा पाहा ना! तुमी तं जागा पाह्याले आले." ती कुंपणाच्या कोपऱ्यापाशी गेली आणि पायानं माती सारली. खाली मोजणीखात्याचा दगड होता, वर आकडा कोरलेला. "हे काय लिवलं? मले वाचता येत नाई. तुमी वाचा."

"एकतीस," वामनराव वाकून म्हणाले.

"सर्व्हे नंबर एकतीस," किसनसिंग म्हणाला. "दोन्ही अर्जात लिवला हाय, साहेब. पत्त्याच्या खालच्याच ओळीत."

वामनरावांनी दोन्ही अर्ज डोळ्यांजवळ धरले. एकतीस. एकतीस. तीन वर्षांत कुणाची नजर त्या खालच्या ओळीवर गेली नव्हती. त्यांचे कान लाल झाले.

"नाईक मरतीन, नवे होतीन," रुपीबाई म्हणाली. "नाव बदलन. तुमच्या ऑफिसातला साहेब बदलत नाई का? मंग ऑफिस काय दुसऱ्या गावाले जाते? हे लिवा कागदावर. जागा तीच हाय, लोक तेच हायेत, अन् नाईक शंकरसिंग जिता हाय."

"शेवटचं कशाला?"

"तुमी खोडाले निंगाले होते म्हून."

वामनरावांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. किसनसिंगानं खांद्यावरून वाचलं. कुंपण भरीव. जागा कायम, सर्व्हे नंबर ३१. धरमसिंग तांडा व शंकरसिंग तांडा एकच. नाईक शंकरसिंग हयात. परवाना देण्यास हरकत नाही. खाली लपेटदार सही झाली.

"पाटी तेवढी पुरी करा," ते जीपमध्ये चढताना म्हणाले. "कोऱ्या ओळीवर परवाना मिळत नाही."

सरकारी जीप नेरच्या दिशेनं गेली. भट्टीवरून विठ्ठलरावांना ती परतताना दिसली असेलच.

किसनसिंगानं रंगाचा डबा उघडला आणि ब्रश हातात धरून पाटीसमोर उभा राहिला. सवयीनं त्यानं बायकोकडं पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यता? लिवा, शंकरसिंग तांडा."

तो लिहू लागला. शंकरसिंग जवळ आला. वाचता येत नव्हतं तरी एकेक अक्षर उमटताना तो टक लावून बघत राहिला. मग रिवाज विसरून, दोन वर्षांत पहिल्यांदा, त्यानं थेट रुपीबाईला विचारलं.

"याडी," तो म्हणाला. याडी म्हणजे आई, पोटच्या लेकीलाही गोर लोक लाडानं तसंच म्हणतात. "मी मेल्यावर मंग?"

रुपीबाईनं पदर थोडा मागं सारला. तिनंही थेटच उत्तर दिलं.

"मंग पुसू अन् नवं लिवू, बापू. रंग हाय घरात. पाटी इथंच राहीन."